अळणी वाफे

मी वाढले दौंडच्या रेल्वे कॉलनीत. क्वार्टरच्या दारापुढं हात-दोन हात जागा होती, तिथं आईनं एक कढीपत्ता आणि थोडा अळू लावला होता. आमची शेती ती तेवढी. पप्पा रेल्वेत कीमन होते. ठरवून दिलेल्या पट्ट्यातले रूळ रोज सकाळी पायी चालत तपासायचे आणि सैल झालेल्या चाव्या हातोडीनं ठोकून परत बसवायच्या, हे त्यांचं काम. बारावीला मार्क बरे पडले तेव्हा कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं, कृषीला फॉर्म भर. मी भरला. कृषीची पदवी घेऊन पुढं काय होतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी जमीन होती. आम्ही कॉलनीतली मुलं गाड्यांच्या टायमिंगबद्दल बोलायचो तितक्या सहज ती ऊस, कांदा, डाळिंब यांबद्दल बोलायची. मी गप्प बसून ऐकायचे. कीटकशास्त्राच्या तासाला मात्र सगळेच माझ्याइतके कोरे असायचे. भिंगाखाली अळीचे पाय मोजताना कुणाच्या घरी किती एकर आहे याचा काही उपयोग होत नाही. म्हणून एम.एस्सी.ला मी तोच विषय घेतला.

माझ्या मार्गदर्शक मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला वांग्यावरची अळी दिली. ही अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. पुढं फळं लागली की फळात शिरते. शेतकरी तिच्यासाठी आठवड्याला औषध मारतात, कधी कधी आठवड्यातून दोनदा. कमीत कमी औषधात तिला आवर कसा घालता येईल, हे मला बघायचं होतं.

"प्रयोग शेतकऱ्याच्या रानात करायचा," मॅडम म्हणाल्या. "आपल्या फार्मवर किडीसुद्धा शिस्तीत वागतात."

विद्यापीठाच्या एका प्रशिक्षणाला आलेल्या शेतकऱ्यांची यादी त्यांच्याकडं होती. तिच्यातल्या एकानं रान द्यायची तयारी दाखवली होती. गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या पलीकडचं. मी बुधवारी संध्याकाळी हॉस्टेलवरून दौंडला घरी यायचे, गुरुवारी सकाळच्या डेमूनं केडगावला उतरायचे, तिथून वडापच्या जीपनं चौफुला आणि चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या एसटीत. पारगावचा पूल ओलांडला की मी तिथं गेल्यावर बोलायची वाक्यं मनात घोकायला लागायचे. इंटरव्ह्यूला निघाल्यासारखं. दर गुरुवारी.

शेताचे मालक साठीच्या पुढचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणू लागले. पांढरं धोतर नाही, काही नाही. मुलाच्या कंपनीनं दिलेला निळा टी-शर्ट आणि खाली पायजमा. मुलगा रांजणगावला कामाला होता, शिफ्टची बस गावाच्या फाट्यावरून त्याला न्यायची-आणायची. शेत आबा आणि त्यांची बायको बघायचे. तिला मी मावशी म्हणायचे.

पहिल्याच दिवशी आबांनी विचारलं, "म्याडम, तुम्ही कुठल्या म्हणायच्या?"

"दौंडच्या. रेल्वे कॉलनी."

"न्हाई, मूळच्या?"

मी मूळ गाव सांगितलं. मग त्यांनी आडनाव विचारलं, तेही सांगितलं. ते "बरं बरं" म्हणाले आणि बोलणं पाण्याच्या पाळीवर गेलं. काही वावगं बोलले नाहीत. पण घर शेतातच होतं, विहिरीपासून पन्नास पावलांवर, आणि दुपारी मी माझा डबा विहिरीजवळच्या चिंचेखाली एकटीच उघडायचे. चहा यायचा, तो मावशी चिंचेखाली आणून द्यायच्या. मला कुणी आत या म्हटलं नाही, मीही कुणाच्या उंबऱ्याकडं गेले नाही. हे असंच चालतं असं मी धरून चालले होते. त्याबद्दल राग होता का? होता थोडा. पण मला प्रयोग पुरा करायचा होता, आणि रान त्यांचं होतं.

वांग्याचे वीस वाफे पाडले होते. पाच वाफ्यांत आबांनी नेहमीसारखं औषध मारायचं. पाचांत नुसता निंबोळी अर्क. पाचांत मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करायचे, गरज पडली तर वर अर्क. आणि उरलेले पाच वाफे कंट्रोलचे. त्यांत काहीच करायचं नाही. कीड येईल ती येऊ द्यायची आणि फक्त मोजायची. बाकीच्या पद्धतींनी खरंच किती फरक पडला, हे या पाचांशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. त्या पाच वाफ्यांच्या कोपऱ्यांना मी लाल फिती बांधल्या आणि आबांना सांगितलं, "हे वाफे अप्रक्रियित आहेत. यांना हात लावायचा नाही."

"बरं," आबा म्हणाले.

अप्रक्रियित! आज तो शब्द आठवला की कानाच्या पाळ्या गरम होतात. का हात लावायचा नाही, ते वाफे कशासाठी आहेत, हे मी सांगितलंच नाही. शहरातली पोरगी, त्यात शेती न केलेली. जास्त बोलले तर आपलं अज्ञान उघडं पडेल अशी भीती होती. म्हणून पुस्तकातले शब्द वापरायचे आणि वही काढून मोजायला बसायचे.

मोजणं मात्र मला आवडायचं. प्रत्येक वाफ्यातली ठरवलेली झाडं, त्यांचे शेंडे, मान टाकलेले किती. फळं सुरू झाल्यावर तोडणीच्या वेळी चांगली वेगळी, भोक पडलेली वेगळी. दसरा होऊन गेला तोवर कंट्रोलच्या वाफ्यांतली निम्मी टोपली भोकाची निघायला लागली होती. मनातून मला आनंद होत होता. फरक दिसायला लागला होता. फक्त त्या गुरुवारी माझी अक्कलदाढ दुखत होती, त्यामुळं गाल हातात धरून, तोंड वाकडं करून मी आकडे लिहीत होते.

पुढच्या गुरुवारी गेले. रानाच्या कडेला पोचले तोच वास आला. औषधाचा वास ओळखायला आता मला भिंग लागत नव्हतं. लाल फितीच्या वाफ्यांत पानांवर पांढरट ठिपके वाळलेले होते. पाचही वाफ्यांत.

आबा विहिरीकडून येत होते. चेहरा फुललेला.

"पोरी, बघितलंस का? तुझं आजारी वाफं. मागच्या खेपेला किती वाईट तोंड करून बसली व्हतीस. मला तर घास गेला न्हाई बघ रात्री. म्हटलं, दौंडवरनं एवढ्या लांब येती, आन् तिचंच पाच वाफं किडीनं खाल्लं. मंगळवारी दुकानातनं भारी औषध आणलं. दोनदा पंप मारला. आता एक आळी जित्ती ऱ्हाती का बघ."

ते पहिल्यांदा मला म्याडम न म्हणता पोरी म्हणाले होते. त्यांचे डोळे लाल दिसत होते, पंप मारून चुरचुरत असावेत. मी बांधावर खाली बसले. लाल फीत म्हणजे आजारी, असा त्यांनी अर्थ लावला होता, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? दवाखान्यात, रस्त्यावर, गॅसच्या टँकरवर लाल रंग धोका दाखवायलाच असतो.

"आबा," मी म्हटलं, "ते वाफे आजारीच ठेवायचे होते."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, आणि सांगता सांगता रडायला लागले. एवढं मोठं माणूस, हातातली टोपली तशीच धरून उभं राहिलं. मग टोपली खाली ठेवून तेही बांधावर बसले, माझ्यापासून थोड्या अंतरावर. "म्हंजी मी घात केला व्हय?" ते म्हणाले. मी नाही नाही म्हणत राहिले, पण माझ्या नाहीला रडण्यामुळं काही अर्थ उरला नव्हता.

हॉस्टेलवर माझ्या पुढच्या वर्षातली एक मुलगी होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "वेडी आहेस का? मागच्या पाच आठवड्यांचे आकडे आहेत ना तुझ्याकडं? त्याच चढानं पुढचे भर. कंट्रोलमध्ये वाढतच जाणार ना कीड? कोण येतंय मोजायला!" ती वाईट नव्हती. तिला माझं वर्ष वाचवायचं होतं.

मी दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी पेन्सिलनं आकडे भरले. वाढते, पण अगदी एकसारखे वाढते नाहीत. मधे एखादा कमी. खरे वाटावेत असे. पुढचा बुधवार आला, मी घरी गेले. वही टेबलावर उघडी ठेवून हातपाय धुवायला गेले, परत आले तर पप्पा ती बघत होते. त्यांना त्यातलं इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण तारखांचे रकाने त्यांना आयुष्यभर माहीत होते.

"ह्या तारखा तर अजून यायच्यात," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता. पप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्यात एक जण होता. पावसाचा दिवस असला की अर्ध्यातनं मागं फिरायचा आणि डायरीत पूर्ण सेक्शन चाललो म्हणून सही करायचा. पुष्कळ दिवस काहीच झालं नाही."

"मग?"

"मग काही नाही. काहीच झालं नाही कधी. रिटायर झाला. पण आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्या पट्ट्यातनं गाडी गेली की कान देऊन ऐकायचो. त्यानं लिहिलेल्यावर भरवसा ठेवून आमच्यातलं कुणी झोपलं नाही." एवढं बोलून ते आईला म्हणाले, "भात वाढ." मला काय कर हे त्यांनी सांगितलं नाही.

मी आकडे खोडले. शुक्रवारी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन जे झालं ते सांगितलं, पेन्सिलचंही सांगितलं. खोडलेल्या रकान्यांवर अजून पेन्सिलची सावली दिसत होती. मॅडमनी ती वही उजेडाकडं धरून बघितली.

"शेतकऱ्याला रागावलीस?"

"नाही मॅडम."

"का नाही?"

"त्यांनी माझ्यासाठी केलं. स्वतःचं औषध घातलं, डोळे सुजवून घेतले."

"आणि तू त्यांना कंट्रोल म्हणजे काय ते सांगितलं होतंस?"

"हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं होतं."

"मग हा प्रयोग तुझा बिघडला, त्यांचा नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हंगाम गेला. खरिपाचा प्रयोग पुन्हा खरिपातच करावा लागेल. वर्ष जाईल. जाऊ दे. पुढच्या गुरुवारी मी येते तुझ्याबरोबर."

त्या खरंच आल्या. मला वाटलं होतं, कॉलेजची गाडी काढतील. पण त्या केडगावच्या स्टेशनवर माझ्याआधी येऊन उभ्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी. वडापमध्ये आम्ही दोघी शेवटच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. एसटीत त्यांना डुलकी लागली.

शेतात गेल्यावर त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही. आबांना म्हणाल्या, "मला रान दाखवा," आणि त्यांच्या मागून वाफ्यावाफ्यांतनं फिरल्या. "हा वाफा बरा का? तो वाईट का? तुम्ही कशावरून म्हणता?" असं विचारत राहिल्या. आबा आधी अवघडले होते, माफी मागायच्या तयारीत होते, हळूहळू खुलले. वीस वर्षांत वांग्यावर काय काय येऊन गेलं ते त्यांनी सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. इतक्या गुरुवारांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मग मॅडमनी विचारलं, "आबा, तुम्ही औषध मारता तेव्हा कीड औषधानं कमी होते, का त्या आठवड्यात तशीही कमी होणार होती, हे कसं ओळखता?"

आबा थांबले. डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "ते कसं वळखायचं?" ते म्हणाले.

मावशी बांधावर शेंगा तोडत बसल्या होत्या. त्या तिथूनच बोलल्या, "त्यात काय? आमटीत मीठ घालायच्या आधी एक वाटी काढून ठिवायची. मंग दोन्ही चाखायच्या. मिठानं काय झालं ते कळतंय की."

मॅडम वळून बघायला लागल्या.

"म्हंजी त्ये पाच वाफं अळणी ठिवायचं व्हतं," मावशी आबांना म्हणाल्या, "आन् तुम्ही त्यात मीठ वतलं."

आबा मोठ्यानं हसले. इतके की त्यांना ठसका लागला. माझ्या सहा महिन्यांच्या लेक्चरांत आणि दोन पुस्तकांत जे होतं ते मावशींनी एका वाटीत बसवलं होतं. त्या दिवसापासून त्या शेतात कंट्रोलला अळणी वाफे म्हणायला लागले, आणि नंतर मीही कुठंही दुसरा शब्द वापरला नाही.

दुपार झाली. मावशी मॅडमना म्हणाल्या, "चला, चार घास खाऊन घ्या." मॅडम लगेच निघाल्या, चप्पल काढून आत गेल्यासुद्धा. मी माझ्या डब्याची पिशवी घेऊन चिंचेकडं वळत होते.

"आन् तू कुठं चाललीस?" मावशींनी दारातून विचारलं.

"माझा डबा आहे मावशी."

"डबा आण आत. तुझ्या आईच्या हातचं आम्ही बी खाऊन बघतो." मी जागची हलले नाही, तेव्हा त्या दोन पावलं बाहेर आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहिल्या खेपेलाच बोलवायचं व्हतं. ऱ्हायलं ते."

त्या "ऱ्हायलं"मध्ये काय काय होतं ते मी तेव्हा उकरलं नाही, पुढंही नाही. आत गेले. एकाच परातीभोवती बसलो. आईनं दिलेली सुक्या बोंबलाची चटणी आबांनी तीनदा मागून घेतली.

पुढच्या वर्षी आबांनी पुन्हा तेच रान दिलं. मी विचारायच्या आधीच त्यांनी मॅडमना निरोप धाडला होता, पोरीचं वरीस माझ्यापायी गेलं, तवा रान राखून ठेवलंय म्हणून. हॉस्टेलची माझी मुदत संपली होती, त्यामुळं मी दौंडहूनच ये-जा करू लागले. कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, "पोरगी नापास झाली का गं?" आई म्हणायची, "नाही, तिच्या वांग्याला मीठ जास्त झालं," आणि त्या काही न कळून निघून जायच्या.

तो हंगाम माझ्या शिक्षणातला सगळ्यात चांगला काळ होता. शेंडे खुडायचं काम मावशींनी स्वतःकडं घेतलं. मान टाकलेला शेंडा नखानं चिरून आतली गुलाबी अळी काढायला त्या माझ्याकडून शिकल्या आणि आठ दिवसांत माझ्यापेक्षा पटकन काढायला लागल्या. पण पुढचं त्यांचं त्यांनीच शोधलं. एक दिवस म्हणाल्या, "ह्यो शेंडा अजून ताठ हाय, पण ह्यात आळी हाय." मी म्हटलं, नसेल. त्यांनी चिरून दाखवला. होती. शेंडा मान टाकायच्या एक-दोन दिवस आधी वरच्या पानाचा रंग किंचित उतरतो, ते त्यांच्या नजरेला दिसायचं. मला ते शिकायला महिना लागला, आणि अजूनही दहातले दोन-तीन माझे चुकतात.

आबा अळणी वाफ्यांचे राखणदार झाले. शेजारच्या रानात कुणी पंप पाठीवर घेतला की ते बांधावर जाऊन उभे राहायचे. "वारं इकडचं हाय. जरा थांब. माझ्या अळणी वाफ्यावर थेंब आला तर बघ." त्या शेजाऱ्याला वाटलं, आबांनी काहीतरी नवं, गुपित पीक लावलंय. एकदा तो बघायला आला, आणि किडकी वांगी बघून न बोलता परत गेला.

याच राखणीत आबांना एक गोष्ट दिसली. अळणी वाफ्यांत कोळ्यांची जाळी होती, ठिपक्यांचे लाल किडे होते, बारीक माशा होत्या. औषधाच्या वाफ्यांत त्यातलं काही नव्हतं, उलट पानांखाली पांढरी माशी जास्त. "आपण घरचं राखणदार मारतोय की," ते म्हणाले. मी पुस्तकातून हे सांगणार होते, पुढच्या आठवड्यात, आकृती दाखवून. ती आकृती पिशवीतच राहिली.

हंगाम संपला, आकडे झाले. शेंडे खुडून गरजेपुरता अर्क मारलेले वाफे औषधाच्या वाफ्यांच्या जवळपास आले. वरचढ नाही, थोडे खालीच. मला वाटलं होतं काहीतरी झळकेल. मी निकाल घेऊन आबांकडं गेले तेव्हा जरा ओशाळलेच होते.

"म्हंजी दोन वरसं राबून आपण जवळपास तितक्यालाच आलो?" आबांनी विचारलं.

"जवळपास."

"पर माझं डोळं न्हाई जळलं ह्या खेपेला," ते म्हणाले. "ते लिवलंस का कुठं?"

मी लिहिलं नव्हतं. तसा रकाना नव्हता. पण प्रबंधात पहिला हंगाम का बाद झाला त्यावर एक पान होतं, मॅडमनी आग्रहानं लिहायला लावलेलं: शेतकऱ्याशी संवाद अपुरा राहिल्यामुळं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी बरोबर तेच पान उघडलं. ते म्हणाले, "हे असं प्रत्येकाचं होतं. लिहीत कुणी नाही." पुढं त्यांनी वांग्याबद्दल दोनच प्रश्न विचारले आणि बाकीचा वेळ मावशींच्या ताठ शेंड्यांबद्दल.

आता मला नोकरी लागून काही वर्षं झाली. दौंड आणि शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांना पीक संरक्षणाचं प्रशिक्षण देणं हेच माझं काम आहे. पप्पा रिटायर झालेत. तरी सवयीनं सकाळी उठून स्टेशनपर्यंत चालून येतात. मॅडमही निवृत्त झाल्या. त्यांना कधी फोन केला की त्या तब्येतीची चौकशी करत नाहीत, "हल्ली काय मोजतेयस?" असं विचारतात. मला खूप लोकांनी खूप काही दिलं. पण माझं चुकलेलं वर्ष न ओरडता मला परत देणारी माणसं तीन ठिकाणी एकाच वेळी भेटली, याचं मला अजून नवल वाटतं. घरी, केबिनमध्ये आणि भीमेच्या पलीकडं.

मागच्या महिन्यात कुरकुंभच्या बाजूला एका गावात बायकांच्या बचत गटाचं प्रशिक्षण होतं. तिथल्या बऱ्याच घरांतले पुरुष एमआयडीसीत शिफ्टला जातात आणि रान बायका बघतात. मी मावशींना बोलवायचं ठरवलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग नवी नऊवारी नेसून आल्या, आबांना बरोबर घेऊन. आबा समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला टेकून बसले. मावशी उभ्या राहिल्या आणि सुरुवातीला इतक्या घाबरल्या की स्वतःचं नाव दोनदा सांगितलं. मग कुणीतरी वांग्याचा एक शेंडा त्यांच्या हातात दिला आणि त्यांची जीभ मोकळी झाली.

त्या सांगत होत्या आणि बायका पुढं सरकत होत्या. एका तरुण सुनेनं हात वर केला. तिच्या रानात अळी शेंड्यात जात नाही, थेट कळीत जाते. मग खुडायचं काय?

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी क्षणभर पुस्तकातलं काहीतरी आठवून बघितलं. कळीतही अळी जाते हे मला माहीत होतं. पण शेंडे सोडून फक्त कळीत, असं मी कुठं बघितलं नव्हतं. मी मान हलवली.

"आमच्या बाईंना बी माहीत न्हाई," मावशी सगळ्यांसमोर खुशाल म्हणाल्या. "तुझं रान कुठं हाय गं? लांब हाय का?"

"न्हाई, ह्या वड्याच्या पलीकडं."

"मग हितं बसून काय करायचं?" असं म्हणत त्यांनी पदर खोचला. वीस-पंचवीस बाया उठल्या, आबाही भिंतीवरून उठले, आणि मी भिंगाची डबी पिशवीत आहे ना ते चाचपत त्या सुनेच्या मागून चालू लागले.